पिकाचे वेळापत्रक आणि विद्यापीठाचे

संशोधन विद्यापीठ ही संस्था तशी फार जुनी नाही. जे ठाऊक आहे ते शिकवायचे आणि जे ठाऊक नाही ते शोधायचे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत आणि विद्यार्थ्याने ती त्याच्या सोबत राहून पाहावीत, हा विचार १८१० मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी बर्लिन विद्यापीठात रुजवला. १८७६ मध्ये बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ याच पायावर उभे राहिले. अमेरिकेने त्यात तिसऱ्या कामाची भर घातली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या विक्रीच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये निघाली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना जोडून प्रयोगक्षेत्रे आली. आसपासच्या शेतकऱ्याची अडचण हा प्रयोगशाळेचा प्रश्न मानला जाऊ लागला तो तिथे.

आपल्याकडची सुरुवात निराळी झाली. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम. शिकवणे महाविद्यालयांकडे होते. संशोधन कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली, पण संशोधनासाठी खरा पैसा उभा राहिला तो १९४० च्या दशकात, आणि तो विद्यापीठांच्या बाहेर गेला. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५० मध्ये, त्याच शहरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. एकीकडे विद्यार्थी आणि वर्ग, दुसरीकडे उपकरणे आणि पूर्णवेळ शास्त्रज्ञ. अशा वाटणीने विद्यापीठे कोरडी पडतील, असे मेघनाद साहा त्या काळात बजावत होते. त्यांचे म्हणणे खरे ठरले, असे आज मानावे लागते.

या वाटणीचा परिणाम राजधानीच्या शहरांपेक्षा नीरा नदीच्या खोऱ्यात अधिक स्पष्ट दिसतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या या पट्ट्यात, वालचंदनगरच्या आसपास, शंभराहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे. त्याची मालकी मात्र वेळोवेळी बदलत गेली. सरकारी खाते, कृषी महाविद्यालय, ऊस संशोधन केंद्र, कृषी विद्यापीठ, केंद्रीय संस्था, कारखाना, विश्वस्त संस्था अशा अनेक हातांतून हे काम गेले. माती, पाणी, ऊस आणि लोखंड यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या माणसांना विद्यापीठाची गरज नेमकी कुठे भासते आणि कुठे भासत नाही, हे येथील कामाच्या अनुभवातून चांगले कळते.

प्रश्नाची सुरुवात पाण्यापासून झाली. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालवे काढण्याला जोर आला. भाटघरचे पहिले धरण आणि नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तयार झाले. ज्वारी-बाजरीला वेळेवर पाणी मिळावे आणि दुष्काळात माणसे व जनावरे जगावीत हा मूळ हेतू. प्रत्यक्षात पाणी उसाकडे गेले, कारण बारमाही पाण्याचा मोबदला देणारे दुसरे पीक नव्हते. पाणी उसात एकवटू नये म्हणून दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणणारे अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले होते. गावाच्या क्षेत्राचे गट पाडायचे, प्रत्येक गटातील ठरावीक हिश्श्यातच ऊस घ्यायचा आणि बाकीच्या क्षेत्रात हलक्या पाण्याची पिके फिरती ठेवायची, असा तो हिशोब होता.

तरीही कालव्याखालच्या जमिनीत मीठ फुटू लागले. येथील काळ्या मातीखाली मुरमाचा थर असतो आणि त्याखाली कातळ. वरच्या अंगाने जाणाऱ्या कालव्यातून आणि भरपूर भिजवलेल्या उसाच्या रानातून पाणी मुरमात उतरते, उताराने खाली सरकते आणि ओढ्याच्या काठच्या सखल, खोल मातीच्या रानात वर येते. कातळाने अडवल्यामुळे त्याला आणखी खाली जाता येत नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मातीच्या तोंडाशी साचतात. आधी जमीन पाणथळ होते, मग खारवट आणि शेवटी चोपण. सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरणे थांबते. ओली असताना चिखल आणि वाळल्यावर दगडासारखे ढेकूळ, अशी त्या रानाची स्थिती होते. पूर्वी गावात सर्वांत भारी समजली जाणारी जमीन सर्वांत आधी गेली, ही या खोऱ्यातील मोठी हानी आहे.

याचा पहिला शास्त्रीय अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून झाला. महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरची पुस्तिका १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यामार्फत प्रसिद्ध केली. मॅन वर्गात रसायनशास्त्र शिकवत आणि वर्गाबाहेर खेड्यात उतरत. पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि भारतातील ग्रामीण अर्थशास्त्राच्या आरंभीच्या ग्रंथांत ती गणली जाते. शिकवणारा माणूस, शेतातील प्रश्न आणि त्याच कामात तयार होणारा तरुण सहकारी, हे तिन्ही इथे एकत्र होते. त्या महाविद्यालयाला कोणी संशोधन विद्यापीठ म्हटले नाही, पण काम त्याच जातीचे होते.

पुढच्या काही वर्षांत हे काम दुभंगले. पाणी आणि निचऱ्याच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये पाटबंधारे खात्यात एक विशेष विभाग काढण्यात आला. क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली तो वाढला आणि त्यातूनच खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. उसासाठी १९३२ मध्ये नीरा नदीजवळ पाडेगाव येथे स्वतंत्र संशोधन केंद्र निघाले. तिथे जे. के. बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांखालील मातीचे शास्त्रीय वर्गीकरण केले. दोन्ही ठिकाणचे काम उत्तम होते. पण पाण्याचा अभ्यास एका खात्यात, मातीचा आणि पिकाचा दुसऱ्या खात्यात आणि विद्यार्थी तिसऱ्याच ठिकाणी, ही घडी तेव्हापासून बसली ती अजून मोडलेली नाही.

ही घडी किती अडचणीची आहे हे मातीचे नमुने घेणाऱ्या माणसाला सर्वांत आधी कळते. नेहमीच्या माती परीक्षणासाठी वरच्या थरातला नमुना पुरतो. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यायचे, माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि शेवटी उरलेली अर्धा किलो माती पिशवीत भरायची. खारवट रानात एवढ्याने भागत नाही. तिथे ऑगर लावून तीन-चार फूट खाली जावे लागते, कारण धोका खालच्या थरातून वर येत असतो. चिकट ओली माती ऑगरला धरून बसते आणि एका भोकाला अर्धा-पाऊण तास जातो. त्यातही नमुना कोणत्या महिन्यात घेतला यावर आकडे बदलतात. पावसाळ्यानंतर क्षार धुऊन खाली गेलेले असतात. मे महिन्यात तेच वर येऊन बसतात. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन खारवट, सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेले तर चोपण, असे पुस्तकात दिलेले असते. एकाच रानाचा ऑक्टोबरमधला आणि मेमधला कागद शेजारी ठेवला तर ती दोन वेगवेगळी राने वाटू शकतात. एकाच भेटीत घेतलेल्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष इथे हमखास फसतो.

शिवाय क्षाराला बांध ठाऊक नसतो. वरच्या रानातल्या शेतकऱ्याने पाटाने सोडलेले जादा पाणी खालच्याच्या रानात मीठ होऊन येते. उघडे चर काढायचे किंवा सच्छिद्र पाइप जमिनीखाली पुरून निचरा करायचा, तरी त्या पाण्याला ओढ्यापर्यंत वाट लागते आणि ती दुसऱ्यांच्या रानांतून जाते. जिप्सम, धैंच्याचे हिरवळीचे खत, मळी, ठिबक हे सगळे उपाय उपयोगी आहेत, पण पाणी बाहेर काढल्याखेरीज ते टिकत नाहीत. निचऱ्याचे ज्ञान पाकिटात भरून विकता येत नाही, म्हणून त्यात कोणत्याही कंपनीला रस असण्याचे कारण नाही. एकट्या शेतकऱ्याच्या हातातही ते नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आणि दीर्घकाळ एकाच जागी राहणाऱ्या संस्थेलाच हा प्रश्न हाताळता येतो. संशोधन विद्यापीठ कशासाठी हवे, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसरीकडे क्वचित सापडेल.

उसाच्या वाणांचे काम तुलनेने सुदैवी ठरले. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस प्रजनन संस्था सुरू झाली. तिथे टी. एस. वेंकटरामन यांनी लागवडीच्या उसाचा रानटी काशाशी संकर घडवून आणला. त्या परंपरेतला को ४१९ हा वाण दख्खनमध्ये पसरला, मग को ७४० आला. महाराष्ट्रात उसाला तुरा येतो, पण त्यातून उगवणारे बी मिळण्याची खात्री नसते. म्हणून संकर कोइमतूरला होतो आणि तुऱ्यातले बी राज्याराज्यांच्या केंद्रांना पाठवले जाते. पाडेगावला त्या बारीक बियांपासून रोपे करायची, हजारो रोपांतून थोडी निवडायची, त्यांच्या टिपऱ्या लावायच्या आणि हातातल्या ब्रिक्समापकाने रसाची गोडी पाहत, वजन करत, रोग-कीड पाहत वर्षानुवर्षे चाळण लावायची. नंतरच्या वाणांच्या क्रमांकातले पहिले आकडे निवडीचे वर्ष सांगतात. को ८६०३२ महाराष्ट्रात लागवडीसाठी प्रसारित झाला तो १९९६ साली. नीरा या नावाने तो ओळखला जातो आणि आजही राज्यातील प्रमुख वाणांत मोडतो. चोपण जमिनीतही बऱ्यापैकी तग धरणारा फुले २६५, म्हणजे कोएम ०२६५, २००७ मध्ये आला.

या आकड्यांमागे माणसांचे कामाचे आयुष्य असते. रोपे ट्रेमध्ये लावणारा कनिष्ठ संशोधन सहायक, वाण प्रसारित होईपर्यंत बदली होऊन दुसऱ्या केंद्रावर गेलेला असतो. मधल्या चाचण्या तिसऱ्याने घेतलेल्या असतात आणि शिफारशीचा प्रस्ताव चौथा सादर करतो. वाणाला कोणाचे नाव लागत नाही. प्रक्षेत्रावरच्या मजुरांचा वाटाही यात मोठा आहे. दोन सऱ्यांतला फरक कागदावर येण्याआधी त्यांच्या डोळ्यांना दिसतो आणि अनुभवी शास्त्रज्ञ निवडीच्या दिवशी त्यांचे मत आवर्जून विचारतात. वाण घडला तो माणसे बदलली तरी केंद्र जागेवर राहिले आणि नोंदवह्या एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिल्या म्हणून.

१९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पाडेगाव त्याच्याकडे आले. १९६० मध्ये पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले होते. अमेरिकेचा तोच तिहेरी नमुना महाराष्ट्रातही आला. पुढे अकोला, परभणी आणि दापोली अशी आणखी तीन विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका कुलगुरूच्या हाताखाली आले हे मोठेच पाऊल होते. मॅन यांच्या काळात व्यक्तीच्या गुणाने जुळलेली गोष्ट आता कायद्याने जुळली.

ती पुरती का साधली नाही, याचे एक कारण अगदी साधे आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. उसाचे वेळापत्रक आणि विद्यापीठाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला अडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. पूर्वहंगामी ऊस चौदा-पंधरा महिन्यांचा आणि सुरू ऊस बारा महिन्यांचा असतो. त्यानंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा आणि काही ठिकाणी त्याच्याही नंतरचा निडवा. एखाद्या खताचा, पाण्याच्या पद्धतीचा किंवा निचऱ्याचा जमिनीवर काय परिणाम झाला हे लागण आणि निदान दोन खोडवे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे तीन-चार वर्षे तरी गेली. पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांचा असतो आणि त्यातले पहिले वर्ष बहुतांशी वर्गात जाते.

उरलेल्या काळात काय शक्य आहे याचा विचार करून विद्यार्थी विषय निवडतात. सुरू हंगामातील एकच लागण घ्यायची, तीन पुनरावृत्ती, सहा-सात उपचार, तोडणीनंतर घाईने रसाचे पृथक्करण, संख्याशास्त्राची कोष्टके आणि प्रबंध. बेणे उशिरा मिळाले, पाण्याची पाळी चुकली किंवा कारखान्याची तोडणी टोळी ठरल्या दिवशी आली नाही, तर सहा महिने मागे पडतात. हे काम करणारी मुले-मुली कष्ट टाळत नाहीत. उन्हाळ्यात सरीत बसून फुटवे मोजणे, पानांच्या धारेने कापलेल्या हातांनी नोंदी करणे आणि रात्रीच्या विजेच्या पाळीला पंप सुरू करायला जाणे, हे त्यांच्या अभ्यासाचाच भाग असते. पण त्यांना प्रश्न मिळतो तो वेळेत मावणारा. जमिनीला जो प्रश्न पडलेला असतो तो शिल्लक राहतो. पीएच.डी.ला वर्षे थोडी जास्त मिळतात आणि प्रकल्पांचा निधी बहुधा तीन वर्षांचा असतो, त्यामुळे तिथेही फार फरक पडत नाही. प्रकल्प संपला की करारावरची माणसे जातात आणि त्यांच्या नोंदी कोणाच्या तरी संगणकात राहतात.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ब्रॉडबाक नावाच्या एका शेतावर १८४३ पासून गव्हाचा एकच प्रयोग अखंड चालू आहे. मूळ प्रयोग सुरू करणाऱ्यांनी जे प्रश्न मनात आणलेही नव्हते, त्यांची उत्तरे त्या नोंदींतून आणि जपून ठेवलेल्या मातीच्या नमुन्यांतून मिळाली. नीरा खोऱ्यात १९१० च्या सुमारास खार तपासलेल्या शिवारांत तेव्हापासून आजपर्यंत ठरावीक जागी, ठरावीक महिन्यात, सलग मोजणी होत राहिली असती, तर कालव्याच्या सिंचनाचे शतकभराचे चित्र हाती असते. त्यासाठी लागणारा खर्च एखाद्या इमारतीच्या खर्चापुढे नगण्य आहे. लागते ती पिढ्यांच्या पलीकडे टिकणारी जबाबदारी, आणि ती विद्यापीठासारख्या संस्थेकडूनच अपेक्षित असते.

वालचंदनगरचा स्वतःचा अनुभव या सगळ्याला दुसरी बाजू जोडतो. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंब गावाजवळ नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाची मोठी शेती आणि साखर कारखाना उभारला. जमीन खंडाने घेतलेली होती आणि तिच्या मूळ मालकांचा, म्हणजे खंडकऱ्यांचा, प्रश्न कमाल जमीनधारणा कायदा व शेती महामंडळ यांच्या मार्गाने पुढे अनेक दशके चालला. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता ती बनवण्याचा उद्योग इथे वाढला. पुढे सिमेंटची यंत्रसामग्री, अणुऊर्जेसाठी लागणारे भाग आणि १९७० च्या दशकापासून भारतीय अंतराळ कार्यक्रमासाठी रॉकेटची कवचे तयार होऊ लागली. एसएलव्ही-३ पासून पुढच्या सर्व पिढ्यांतल्या रॉकेटांत वालचंदनगरच्या कामाचा वाटा आहे. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ रॉकेटला दोन्ही बाजूंना एस-२०० बूस्टर होते. त्यांच्या ३.२ मीटर व्यासाच्या कवचाचे भाग इंदापूर तालुक्यात तयार झालेले होते.

या कामातील ज्ञान कुठे असते? काही भाग निश्चितच प्रयोगशाळेतून येतो. अंतराळ कार्यक्रमाची मुळे विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये अहमदाबादला एका महाविद्यालयाच्या जागेत सुरू केलेल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहेत. कवचासाठी वापरले जाणारे मॅरेजिंग पोलाद हे धातुशास्त्राच्या संशोधनाचे फळ आहे. पण त्या पोलादाची पाती वाकवून नळकांडे करणे, सांधा जोडताना उष्णता किती द्यायची, भट्टीत ताण मोकळा करताना मोठे कडे वाकडे कसे होऊ द्यायचे नाही, क्ष-किरण तपासणीत आणि पाण्याच्या दाबाच्या चाचणीत सांधा टिकवायचा कसा, हे शॉपमध्ये वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या वेल्डरच्या, फिटरच्या आणि टर्नरच्या हातात असते. आयटीआय करून आलेला मुलगा जुन्या कारागिराजवळ राहूनच ते शिकतो. नव्या अभियंत्याला इथे पहिली काही वर्षे आपली पदवी बाजूला ठेवून पाहावे आणि ऐकावे लागते. अशा शॉपमधला हा सर्वसाधारण अनुभव आहे.

हे ज्ञान लिहून ठेवणे, त्यामागचे कारण शोधणे आणि ते पुढच्या पिढीला रीतसर शिकवणे, हे काम विद्यापीठाचे आहे. ते फार थोडे झाले. वालचंद यांच्या नावाचे सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून चालू आहे आणि तिथून असंख्य चांगले अभियंते बाहेर पडले. पण वेल्डिंगच्या एखाद्या अवघड सांध्यावर कारखान्यातला कारागीर आणि महाविद्यालयातला प्राध्यापक मिळून चार वर्षे काम करत आहेत, असे चित्र महाराष्ट्रात सर्रास दिसत नाही. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उद्योगातील दीर्घ अनुभवाच्या व्यक्तींना, औपचारिक पदवीची अट न घालता, प्राध्यापक म्हणून बोलावण्याची वाट खुली केली. ती वाट कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती राहिली तर उपयोग अर्धाच होईल. तीस वर्षे मॅरेजिंग पोलाद जोडलेल्या माणसाला वर्गात आणि प्रयोगशाळेत मानाने आणणे, हा तिचा खरा अर्थ ठरावा.

विद्यापीठी संशोधन आणि गावचा कारभार यांची गाठ पडली तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण प्रवरा खोऱ्यात आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा फक्त पाणीपट्टीत मोजायचा नसतो, तो मजुरीत, व्यापारात, वाहतुकीत कसा पसरतो हे त्यात घरोघरच्या माहितीवरून दाखवलेले होते. त्याच सुमारास विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करण्याच्या खटपटीत होते. गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस लोणी येथे गळीत सुरू झाले. पाहणी करणारा अभ्यासक त्या पाहणीतल्या माणसांबरोबर संस्थेची जबाबदारी घेतो, असे क्वचित घडते. पुढे गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. भवानीनगर, माळेगाव आणि सोमेश्वर येथील सहकारी कारखाने त्याच लाटेतले आहेत.

आज बारामती परिसरात संशोधनाची साधने पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे कृषी विज्ञान केंद्र आणि कृषी महाविद्यालय इथे आहे. २००९ मध्ये माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. दुष्काळ, उष्णता आणि क्षार यांचा पिकांवर येणारा ताण हाच तिचा विषय, आणि तिचे आवारच मुळात उघड्या कातळाचे आहे. तो फोडून तिथे माती तयार करण्यापासून शास्त्रज्ञांना सुरुवात करावी लागली. साखर कारखान्यांच्या वर्गणीतून १९७५ मध्ये उभी राहिलेली मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट वाण, बेणेमळे आणि साखर तंत्रज्ञान यांत काम करते. २०२४ पासून ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प हाती घेतला. शेतातले हवामान केंद्र, मातीतले संवेदक आणि उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी, खत आणि रोग यांविषयी शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना येतात. परिसरातल्या तरुण शेतकऱ्यांनी तो उत्साहाने स्वीकारला आहे आणि त्यात वावगे काही नाही.

तथापि इथेच विद्यापीठाचे काम वाढते. संवेदक आजचा ओलावा सांगतो. ती सूचना पाळून पाच वर्षांनी जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढला की घटला, खालच्या थरातील क्षार सरकले का, खोडव्याचे उत्पादन टिकले का, हे तपासायला सूचना विकणाऱ्यापेक्षा वेगळा आणि स्वतंत्र माणूस लागतो. शेतांतून गोळा होणारी माहिती कोणाची, ती कोणाला वापरता येईल आणि संस्था किंवा कंपनी बदलली तर जुन्या नोंदी कुठे राहतील, याचे उत्तर सुरुवातीलाच ठरलेले असावे. खार नोंदवणाऱ्या जुन्या वह्यांची जी गत अनेक ठिकाणी झाली, ती आता इलेक्ट्रॉनिक नोंदींची होऊ नये.

यासाठी फार मोठ्या कल्पनेची गरज नाही. काही नेमके बदल पुरेसे आहेत. पहिला बदल काळाचा. कृषी विद्यापीठाने एका खोऱ्यातील ठरावीक शिवारे कायमची निवडावीत आणि एकामागून एक येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध त्याच शिवारांवर जोडत न्यावेत. एका विद्यार्थ्याने लागण पाहिली की दुसऱ्याने त्याच प्लॉटचा खोडवा पाहावा. प्रत्येकाचा प्रबंध दोन वर्षांतच पुरा होईल आणि प्रयोग मात्र चालू राहील. दुसरा बदल मोजमापाचा. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती ठरली की लवकर संपणारे प्रश्न निवडले जातात, हे प्रत्येक संशोधकाला अनुभवाने ठाऊक आहे. पीएच.डी.साठी आधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, ते योग्य झाले. दीर्घकालीन प्रयोग सांभाळणे, नोंदी जपणे आणि वाण किंवा निचरा योजना पुढच्या माणसाकडे नीट सोपवणे यांनाही गुण मिळायला हवेत.

तिसरा बदल पैशाचा आणि माणसांचा आहे. देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातला लहानसा वाटा उच्च शिक्षणसंस्थांना मिळतो. विद्यापीठांपर्यंत निधी पोहोचावा हा २०२३ च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्याचा एक उद्देश आहे. तो राज्य विद्यापीठांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय साध्य होणार नाही, कारण उपकरण आले तरी ते चालवणारा कायम माणूस नसेल तर ते झाकूनच ठेवावे लागते. केंद्रीय संस्था आणि विद्यापीठ यांच्यातली १९४० च्या दशकातली फाळणी मात्र बारामतीत कमी करता येण्यासारखी आहे. माळेगावची संस्था, पाडेगावचे केंद्र, कृषी महाविद्यालय, खडकवासल्याचे जलसंशोधन केंद्र आणि कारखान्यांचे शेतकी विभाग यांच्यात दोन-अडीच तासांपेक्षा जास्त अंतर नाही. पाडेगावच्या नोंदवह्या, मातीचे जुने नकाशे, कालव्याच्या पाण्याचे हिशोब आणि कारखान्यांकडील गटनिहाय उसाच्या उत्पादनाच्या नोंदी एकत्र लावल्या, तर नीरा खोऱ्यात खार कुठून कुठे सरकला हे शिवारानुसार काढता येईल. ते काम विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्यांना पुरेल एवढे आहे आणि त्याची सुरुवात या वर्षीच्या मे महिन्यातील नमुन्यांपासून करता येते.